मिडसाइझ बिझनेस जेट: ब्रोशरमधला आकडा आणि मुंबईच्या धावपट्टीवरचा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुख्य कार्यालय अंधेरीत, कारखाने जळगाव आणि छत्रपती संभाजीनगरला, महिन्यातून चार-पाच वेळा दिल्ली, अधूनमधून दुबई आणि सिंगापूर. मिडसाइझ जेट घ्यायचे आहे. समोर तीन नावे आहेत: नवे सेसना सायटेशन लॅटिट्यूड, नवे एम्ब्राएर प्रेटर ५०० आणि जुन्या बाजारातले हॉकर ८००एक्सपी. लॅटिट्यूडच्या ब्रोशरमध्ये नऊ प्रवासी, २,७०० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) पल्ला आणि साधारण साडेतीन हजार फुटांत उड्डाण असे लिहिले आहे. हे सगळे मुंबईहून खरोखर मिळते का, आणि विमान पाहायला जाताना काय तपासायचे?

ब्रोशरमधला प्रत्येक आकडा खरा असतो, फक्त ते सगळे आकडे एकाच उड्डाणात मिळत नाहीत. पल्ल्याचा आकडा चार प्रवाशांचा असतो, आसनांचा आकडा कमी इंधनाचा असतो आणि धावपट्टीचा आकडा समुद्रसपाटीवरच्या १५ अंश सेल्सिअसचा असतो. मे महिन्यातल्या जळगावात यातली एकही गोष्ट लागू होत नाही. त्यामुळे आधी वजनाचा हिशोब मांडा, बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

लॅटिट्यूडचे उदाहरण घेऊ. दोन वैमानिकांसह तयार विमानाचे वजन सुमारे ८,४६२ किलो. पार्किंगवरून हलताना जास्तीत जास्त १४,०८४ किलो चालते, उड्डाणाच्या क्षणी १३,९७१ किलो. पूर्ण टाकीत ५,१६८ किलो इंधन मावते. वजाबाकी केली की टाकी भरल्यावर माणसे आणि सामान यांच्यासाठी उरतात ४५४ किलो. माणूस आणि त्याची बॅग मिळून १०० किलो धरले तर चार जण, फार तर साडेचार. आता नऊ जण बसवा. ९०० किलो झाले, म्हणजे ४४६ किलो इंधन कमी भरावे लागणार. वर स्थिरावल्यावर हे विमान तासाला साधारण ७०० किलो इंधन खाते, तेव्हा ३५ ते ४० मिनिटांचे उड्डाण, म्हणजेच सुमारे २७० नॉटिकल मैल इथेच गेले. आणि ८,४६२ हा आकडाही कारखान्यातल्या मानक सजावटीचा आहे. मोठी गॅली (खाण्यापिण्याची सोय असलेला ओटा), सोफा, वायफाय, जास्तीची क्रोकरी असे काहीही वाढवले की ते वजन थेट प्रवाशांच्या वाट्यातून जाते. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्यक्ष त्याच क्रमांकाच्या विमानाचा वजनाचा ताजा अहवाल मागवा. मॉडेलचा सरासरी आकडा खरेदीच्या टेबलावर चालवून घेऊ नका.

नऊ आसनांबद्दल एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. या वर्गातल्या अनेक विमानांत शौचालयातली बेल्ट असलेली सीटही प्रवासी आसन म्हणून मोजलेली असते, आणि बाजूच्या दोन जणांच्या सोफ्यावर दोन मोठी माणसे तीन तास बसली की दोघांचीही पाठ धरते. लांबच्या प्रवासाला सहा ही खरी संख्या समजा. जळगावला अर्ध्या-पाऊण तासात पोहोचायचे असेल तर आठही चालतील.

आता तुमच्या ठिकाणांवर हे लावून बघा. मुंबईहून दिल्ली सुमारे ६१५ नॉटिकल मैल, दुबई १,०४०, कोलंबो ८२५, गुवाहाटी १,१२०, सिंगापूर २,११०. लंडन ३,८९० आहे, तिथे या तिन्हींपैकी एकही विमान न थांबता जात नाही. सिंगापूरपर्यंत लॅटिट्यूड सहा जणांसह जाते, पण पावसाळ्यात वरच्या थरात पूर्वेकडून वारा असतो आणि तिकडे वादळी ढगांना वळसे घालावे लागतात, त्यामुळे नऊ जणांसह जायचे म्हटले तर त्या दिवशीच्या वाऱ्याचा कागद पाहूनच ठरवावे लागते. प्रेटर ५०० चा पल्ला चार प्रवाशांसह ३,३४० नॉटिकल मैल आहे. त्याला सिंगापूर सहज जमते, परतीचे बरेचसे इंधनसुद्धा हाताशी राहते. वर्षातून दोनदाच सिंगापूरला जायचे असेल तर एवढ्यासाठी महागडे विमान घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्यातून दोनदा जायचे असेल तर मात्र उलट सल्ला देईन.

पल्ल्याच्या आकड्यात राखीव इंधन कसे धरले आहे तेही विचारा. ब्रोशरमध्ये सहसा अमेरिकी पद्धतीने २०० नॉटिकल मैलांवरचा पर्यायी विमानतळ आणि अर्ध्या तासाचे घिरट्यांचे इंधन धरलेले असते. जुलैत मुंबईला परतताना हा हिशोब अपुरा पडतो. सांताक्रूझवर दृश्यमानता घसरली की रांग लागते, अर्धा तास घिरट्या ही नेहमीची बाब होते, आणि पर्याय म्हणून अहमदाबाद धरले तर ते २४० नॉटिकल मैलांवर आहे. अहमदाबादला जायला साधारण ५०० किलो, तिथे पोहोचल्यावर हात लावायचा नाही असे शेवटचे अर्ध्या तासाचे ३०० किलो, आणि मुंबईवरच्या घिरट्यांचे आणखी ३००. म्हणजे १,१०० किलो, पूर्ण टाकीचा पाचवा हिस्सा, प्रवासाच्या हिशोबातून आधीच बाजूला काढायचा. पुणे जवळ आहे म्हणून तोच पर्याय धरायचा मोह होतो. पण पुणे हवाई दलाचे विमानतळ आहे, तिथे वेळेची आणि पार्किंगची बंधने आहेत, आणि मुंबईवरचा पाऊस पुष्कळदा पुण्यापर्यंत पसरलेला असतो.

उष्णतेकडे या, आपल्याकडे खरी अडचण इथे होते. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचल देतात आणि इंजिने कमी जोर देतात. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरलेले असतात. त्याहून प्रत्येक अंश वाढला की विमानाला आपण साधारण १२० फूट अधिक उंचीवर उभे असल्यासारखे वाटते. मेमधल्या मुंबईत ३५ अंशाला विमान जणू २,४०० फुटांवर असते. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ मुळातच सुमारे १,९०० फुटांवर आहे. तिथे ४२ अंश असताना हीच बेरीज ५,६०० फुटांवर जाते. जळगावला ४५ अंशाला सुमारे ४,६००. लॅटिट्यूडचा ३,५८० फुटांचा उड्डाणाचा आकडा हा समुद्रसपाटी, १५ अंश आणि कोरडी धावपट्टी यांचा आहे. हॉकर ८००एक्सपीला त्याच परिस्थितीत पाच हजार फुटांच्या आसपास लागतात. चिकलठाण्याची धावपट्टी २,८०० मीटरांहून लांब असल्याने तिथे लांबीची चिंता नाही. जळगावची १,७०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे साडेपाच हजार फूट. तिथे भर उन्हाळ्यात दुपारी हॉकर पूर्ण वजनाने उचलायचा विचारही करू नये.

पण फक्त धावपट्टीची लांबी बघून थांबलात तर अर्धाच हिशोब होतो. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन गेले तर उरलेल्या एकावर विमानाने चाके वर घेतल्यानंतर किमान २.४ टक्के चढ काढलाच पाहिजे, असा दोन इंजिनांच्या विमानांसाठी नियम आहे. गरम दिवशी बऱ्याचदा धावपट्टी पुरते आणि हा चढ आडवा येतो. मुंबईत १४ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालात तर समोर तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, सुमारे ३०० मीटरचा डोंगर आहे, तोही हिशोबात धरावा लागतो. म्हणून विक्रेत्याला नुसते ‘टेक-ऑफ डिस्टन्स किती’ असे विचारू नका. ‘जळगाव, ४३ अंश, वारा शून्य, सहा प्रवासी, मुंबईला परतायचे इंधन, वजनाची मर्यादा कशामुळे येते, धावपट्टीमुळे, चढामुळे की ब्रेकमुळे?’ असे लेखी विचारा. उत्तर विमानाच्या मंजूर पुस्तकातल्या तक्त्यांवरून आले पाहिजे. दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर त्या विक्रेत्याकडे हिशोब करणारे माणूस नाही असे समजा.

ब्रेक हा शब्द मुद्दाम घेतला आहे. तुमचा दिवस मुंबई–जळगाव–संभाजीनगर–मुंबई असा जाणार. तीन छोटी उड्डाणे, दर वेळी जेमतेम अर्धा-पाऊण तास, आणि दर वेळी गरम धावपट्टीवर ब्रेक. पुढचे उड्डाण रद्द करावे लागले तर थांबायला ब्रेकमध्ये पुरेशी ताकद उरली पाहिजे, म्हणून थंड होण्याचा वेळ पुस्तकात दिलेला असतो. घाईत तो वगळला की ब्रेक अति तापतात, चाकातले सुरक्षा प्लग वितळून टायरची हवा जाते आणि विमान जळगावलाच बसून राहते. शिवाय लँडिंग गिअर आणि इंजिनाच्या फिरत्या चकत्यांचे आयुष्य तासांवर नव्हे, तर उड्डाणांच्या संख्येवर मोजले जाते. दिल्लीचे पावणेदोन तासांचे उड्डाण आणि जळगावचे अर्ध्या तासाचे उड्डाण दोन्हीकडे एकेकच धरले जाते. छोट्या फेऱ्यांनी विमान किती तास उडाले याच्या मानाने खूप लवकर म्हातारे होते. खर्चाच्या अंदाजात हे धरले नाही की तीन वर्षांनी धक्का बसतो.

उतरण्याचा हिशोब पावसाळ्यात करा. लॅटिट्यूडचे छापील लँडिंग अंतर २,४८० फूट, म्हणजे ७५६ मीटर. भाड्याच्या उड्डाणांना उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आले पाहिजे असा निकष लावतात, म्हणजे ७५६ ला ०.६ ने भागा: १,२६० मीटर. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के: सुमारे १,४५० मीटर. जळगावच्या १,७०० मीटरमध्ये बसते, पण उंची, तापमान आणि मागून येणारा थोडासा वारा धरला की उरलेले अडीचशे मीटर पटकन संपतात. जळगावला इंधन मिळेलच असे गृहीत न धरता परतीचे इंधन मुंबईहूनच नेणार असाल तर उतरतानाचे वजनही वाढते. विमान केवळ स्वतःसाठी वापरणार, भाड्याने देणार नाही, म्हणून हा निकष बंधनकारक नाही असे कुणी सुचवेल. तरीही तोच निकष कंपनीच्या नियमात लिहून ठेवा. १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट ४५ मुसळधार पावसात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून बाजूला गेले. आत आठ जण होते, सगळे वाचले. आणि मुंबईची धावपट्टी जळगावच्या दुप्पट लांब आहे.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. लॅटिट्यूडचा कमाल वेग ४४६ नॉट, ताशी सुमारे ८२५ किलोमीटर. प्रवासी विमानेही साधारण तितक्याच वेगाने जातात. तुमचा वेळ वाचतो तो विमानतळावर, आणि जळगावसारख्या ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते त्यात.

उंची मात्र कामाची आहे. लॅटिट्यूड आणि प्रेटर ४५,००० फुटांपर्यंत जाऊ शकतात, हॉकर ४१,००० पर्यंत. पण आपल्या प्रदेशात ३० ते ३७ हजार फुटांच्या पट्ट्यात हवा प्रमाणापेक्षा सहज दहा अंश गरम असते. जड विमान त्या पट्ट्यात रेंगाळते, आणि पहिला तास-दीड तास ४३ हजार फुटांवरचा कमी इंधनाचा प्रवास मिळत नाही. पहिल्या तासाचा खर्च म्हणूनच जास्त, ९०० किलोपर्यंत धरा. दुसरे म्हणजे मॉन्सूनपूर्व आणि मॉन्सूनमधले वादळी ढग ४५ हजारांच्याही वर जातात. ‘आमचे विमान ढगांच्या वरून जाते’ हे वाक्य युरोपात ठीक आहे, विदर्भावर मे महिन्याच्या संध्याकाळी नाही. म्हणून हवामान रडारची अवस्था आणि वय, दोन्ही तपासा.

केबिनमध्ये बसल्यावर दोन आकडे अंगाला जाणवतात: उंची आणि दाब. लॅटिट्यूड आणि प्रेटर दोन्हींत मजला सपाट आणि आतली उंची सहा फूट. हॉकरमध्ये पाच फूट नऊ इंच. लॅटिट्यूडमध्ये ४५ हजार फुटांवरही आतली हवा ५,९५० फुटांवर असल्यासारखी असते, साधारण उटीपेक्षा बरीच खाली. जुन्या रचनेत हा आकडा सात-साडेसात हजारांकडे जातो. सिंगापूरहून उतरून थेट बैठकीला जायचे असेल तर हा फरक डोक्याला कळतो. सामानाबद्दल एवढेच: लॅटिट्यूडचा मोठा सामानकप्पा मागे आहे आणि फक्त बाहेरून उघडतो. हवेत लागणाऱ्या कागदपत्रांची बॅग तिथे ठेवली गेली की संपले.

हॉकर ८००एक्सपीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर विमान दणकट आहे आणि भारतात ते सांभाळणारे हातही आहेत. त्याच्या मूळ रचनेचे पहिले उड्डाण १९६२ चे, ८००एक्सपीची निर्मिती १९९५ ते २००५ ची. किंमत कमी दिसते कारण पुढचा खर्च तुमच्याकडे येणार असतो. त्याच्या टीएफई७३१ इंजिनांना ठरावीक तासांनी मोठी तपासणी आणि त्याच्या दुप्पट तासांनी गाभ्याची तपासणी लागते. ही दुसरी जवळ आली असेल आणि इंजिने ताशी हप्त्याच्या (उडालेल्या तासांप्रमाणे पैसे भरायच्या) देखभाल योजनेत नसतील, तर विमानाची स्वस्ताई तिथेच संपते. योजनेत असतील तर ती तुमच्या नावावर बदलून मिळते का आणि आधीचे हप्ते थकलेले नाहीत ना, हे इंजिन कंपनीकडून लेखी घ्या. हॉकरच्या पंखांच्या कडांवरून बर्फरोधक द्रव झिरपतो. तो पट्टा अर्धवट बुजलेला असेल तर उन्हाळ्याच्या चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जमिनीवर तो चालू करून द्रव सगळीकडून सारखा येतो का ते बघायला लावा.

मुंबईची हवा विमानाला सोसत नाही, हे खरेदीच्या वेळी कुणी मोजत नाही. समुद्राची खारट दमट हवा इंजिनाच्या पात्यांवर थर धरते; इंजिन गरम चालू लागते, इंधन वाढते. त्यावर उपाय म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने कंप्रेसर पाण्याने धुणे आणि त्याची नोंद ठेवणे. दुसऱ्या हाताच्या विमानात ही नोंद मागा; नसेल तर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आतली पाती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. टाकीतल्या इंधनात पाणी साठले की उष्ण दमट हवेत त्यात बुरशी वाढते, चिकट काळा थर बनून फिल्टर अडतो. टाकीच्या तळातले पाणी रोज सकाळी, विमान रात्रभर स्थिर उभे राहिल्यावर आणि इंधन भरण्यापूर्वी काढायचे. इंधन भरल्यावर लगेच काढले तर पाणी अजून खाली बसलेले नसते. पावसाळ्यात चार दिवस उभ्या विमानाच्या पिटो नळीत (वेग मोजणाऱ्या नळीत) कीटक माती भरतात. आच्छादन घालणे आणि उड्डाणापूर्वी ते काढणे या दोन्हींवर दोघांच्या सह्या हव्यात, कारण आच्छादन राहून गेले की वेगमापक खोटे बोलतो.

यातच एपीयू, शेपटीतले छोटे इंजिन. हवाबंद केबिन मेच्या उन्हात तासाभरात भट्टी होते. एपीयू असेल तरच प्रवासी येण्यापूर्वी ती थंड करता येते. तो बिघडला तर नियमाने उडता येते, पण जमिनीवर गारवा नाही आणि लॅटिट्यूड किंवा हॉकरचे इंजिन सुरू करायला बाहेरची २८ व्होल्टची वीजगाडी लागते. जळगावात ती सुस्थितीत असेलच असे नाही. कमकुवत बॅटरीवर इंजिन सुरू करायचा हट्ट केला तर ते पुरेसे फिरत नाही, तापमान मर्यादेबाहेर जाते आणि एका मिनिटात मोठी दुरुस्ती ओढवते. म्हणून या दोन विमानांच्या चाचणीच्या दिवशी भर दुपारी, एपीयू बंद ठेवून, फक्त बॅटरीवर दोन्ही इंजिने सुरू करून दाखवायला सांगा आणि तापमानाचा सर्वोच्च आकडा लिहून घ्या.

आता मुंबईतली जागा आणि वेळ. जुहूची धावपट्टी जेमतेम ११०० मीटरची, हेलिकॉप्टर आणि छोट्या विमानांची. तुमचे विमान सांताक्रूझलाच, कालिन्याच्या बाजूच्या टर्मिनलवरून. तिथे गर्दीच्या वेळांत बिझनेस जेटना बंदी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रोज चार तासांवरून आठ तासांवर नेली गेली. सकाळी नऊला निघून दहाला जळगाव हे वेळापत्रक त्यात बसत नाही. सकाळी लवकर निघा आणि परतीची वेळ रात्रीच्या बंद तासांत येत नाही ना ते बघा. वर्षातून मॉन्सूनच्या आधी आणि नंतर दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास पूर्ण बंद असतात, त्या तारखा आधी जाहीर होतात. पार्किंग तर विमान घेण्यापूर्वीच लेखी मिळवा. जागा नसेल तर प्रत्येक फेरीला विमान दुसऱ्या शहरात रिकामे उभे करायला न्यावे लागते, आणि त्या रिकाम्या उड्डाणांचे तास, इंधन आणि लँडिंग तुमच्याच माथी.

करांचा एक ठळक मुद्दा: २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. भाड्याने चालवायचा परवाना, म्हणजे एनएसओपी, घेतला तर कर बराच कमी होतो, पण मग वैमानिकांचे कामाचे तास, देखभाल, ६० टक्क्यांचा निकष, सगळे भाड्याच्या नियमांनी चालते. परवाना नसताना ओळखीच्या उद्योजकाकडून ‘फक्त इंधनाचे पैसे’ घेऊन त्याला नेणे हेही बेकायदा भाडेच ठरते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेच विचारते.

तुमच्या फेऱ्या पाहता मी लॅटिट्यूड पुढे ठेवेन, सिंगापूर वाढणार असेल तर प्रेटर, आणि हॉकर फक्त तेव्हाच जेव्हा इंजिने योजनेत आहेत आणि मोठी तपासणी नुकतीच झाली आहे. चाचणी उड्डाण मात्र विक्रेत्याच्या सोयीने थंड सकाळी घेऊ नका. दुपारी दोनला, खरे सहा प्रवासी आणि त्यांच्या खऱ्या बॅगा वजनकाट्यावर मोजून, मुंबईहून चिकलठाणा आणि परत, मधे ब्रेक थंड होण्याचा वेळ पाळून. प्रत्येक टप्प्याला लागलेले इंधन, धावपट्टीचा वापरलेला भाग आणि ३७ हजार फुटांवर पोहोचायला लागलेली मिनिटे लिहून घ्या, आणि तो कागद त्याच दिवशी पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहा. इंधन पाच टक्क्यांहून जास्त आले तर आधी वजनाचा अहवाल पुन्हा तपासा, मग इंजिने.